डावा पाय

गोडोलीत, दस्तगीर शिकलगारच्या गॅरेजात
माझी गाडी लिफ्टवर, पोट उघडं टाकून.
गिअर ऑइल पत्र्याच्या डब्यात पडतंय, काळंभोर,
आणि तो नटाचं चुंबक बोटावर धरून
मला दाखवतो : ही बघा, मिशी.
लोखंडाचा भुसा, उभा राहिलेला, मऊ.
एवढी असली तर वय झालं म्हणायचं, बाई.
दाताचा तुकडा घावला असता तर रोग.

तुकडा नाही.
क्लच प्लेट मात्र संपलीय, रिव्हेट वर आलेत.
कुणी घासली एवढी, असं तो विचारत नाही.
त्याला माहितीय.

सव्वीस वर्षं मी गाडी शिकवली
डावीकडच्या सीटवर बसून.
माझ्या पायाशी माझा वेगळा क्लच, माझा वेगळा ब्रेक.
यवतेश्वरच्या चढाला कितीजणांची गाडी
मी मागं येऊ दिली नाही.
त्यांना वाटायचं, आपल्यालाच जमलं.
वाटू दिलं.
बँकेतली कारखानीस, जिला तिसरा गिअर कधी सापडलाच नाही,
दर वेळी पहिल्यात घालायची आणि गाडीचीच माफी मागायची.
मेढ्याची सुलभा, सासऱ्यांच्या नकळत शिकणारी,
पदराखाली लायसनचा फॉर्म.
हाफ क्लच म्हणजे काय, ते सगळ्यांनी विचारलं.
मी सांगायचे, आवाज जिथं जड होतो ना,
तिथं पाय थांबव.
याहून जास्त मलाही येत नव्हतं.

जानेवारीत गुडघा बदलला. डावा.
डॉक्टर म्हणाले, मांडी घालायची नाही, जिने कमी,
आणि क्लच...
तिथं ते थोडं थांबले. माझ्या धंद्याची त्यांना कल्पना होती.

आता ऑटोमॅटिक घ्या, दस्तगीर म्हणतो, हात चिंधीला पुसत.
एएमटी आतून आपलीच, फक्त क्लचवर पाय मशीनचा,
दर गिअरला मान हलवते, नंदीबैलासारखी.
सीव्हीटी लोण्यागत, पण रुसली तर पुण्याला न्या.
टॉर्क कन्व्हर्टर घ्या, पैसे असतील तर.
आणि कंपनी म्हणते, आतलं तेल आयुष्यभराचं.
कुणाच्या आयुष्यभराचं, ते सांगत नाहीत.
साठ हजाराला माझ्याकडं आणा.

शोरूमचा पोरगा, हर्षद, वय असेल बावीस,
शेजारी बसून म्हणाला, मॅडम, डावा पाय मागं घ्या,
त्याला काही काम नाही.
हे वाक्य मी गिळलं.
पोवई नाक्याला पुढची रिक्षा अचानक थांबली
आणि माझ्या डाव्या पायानं, सवयीनं,
क्लच समजून जे दाबलं
तो ब्रेक होता. रुंद. सगळाच्या सगळा.
दोघांची कपाळं काचेकडं गेली, बेल्टनं परत आणली.
मागून उसाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न, मग शिवी,
चांगली अस्सल.
सव्वीस वर्षांत कुठल्याच शिकाऊनं
मला एवढी घाबरवली नव्हती.

मी हर्षदकडं पाहिलं.
त्याचा बूट त्याच्या बाजूच्या मोकळ्या फळीवर
घट्ट दाबलेला, जिथं काहीच नव्हतं.
मला हसू आलं. त्याला नाही.
ऐक, मी म्हटलं, हा पाय मी आत दुमडून ठेवते,
तू घाटाचा रस्ता सांगू नकोस, मला येतो.

गाडी घेतली. टॉर्क कन्व्हर्टर, पांढरी,
हप्ता जरा जड आहे.
जुनीला नवी प्लेट टाकून सुलभाला दिली,
क्लास आता ती चालवते, डावीकडं बसून.

काल सांजेला यवतेश्वराहून बोगद्याकडं उतरताना
दस्तगीरनं सांगितल्यासारखं खालच्या गिअरात टाकली,
ब्रेक तापवायचे नाहीत म्हणून.
इंजिन कण्हलं. आवाज जड झाला.
आणि सीटखाली दुमडलेला डावा पाय
कुणी न बोलावता पुढं सरकला,
चटईच्या वर,
अर्ध्यात थांबला.