रिकामी गोफण

खाली गिरणीत ज्वारी दळायलेत,
म्हणून वरच्या खोलीत टेबलं थरथरतात
आणि माझा नेम कायम दोन बोटं उजवीकडं.
परभणी, जिंतूर रोड, तासाला तीस रुपये.
कीबोर्डावर पीठ.

फेरी सुरू व्हायला पंधरा सेकंद.
पडद्यावर दुकान उघडलंय.
बंदूक ज्याची त्याची ठरलेली, तिच्यावर बोलणं नाही.
भांडण होतं ते फेकायच्या वस्तूंवरून.

वैजनाथ दोन बॉम्ब घेतो. नेहमी.
त्याला फुटलेलं दिसलं पाहिजे,
दिवाळीत फुलबाजीला हात न लावणारा माणूस.
मुजीब डोळे दिपवणारा घेतो
आणि आमच्याच तोंडापुढं फोडतो,
"सॉरी भाई, हात फिसल्या ना यार,"
पांढऱ्याफटक पडद्यासमोर आम्ही तिघं
शिव्या देत देत मरतो.
शीलरत्न आग घेतो, बाटलीतली,
जिन्यावर टाकतो, आणि मग त्याला आठवतं
की आपल्यालाच त्या जिन्यानं जायचं होतं.

मी धूर घ्यायचो.
गोठ्यात संध्याकाळी लिंबाचा पाला टाकून करायचो, तोच.
त्यात कुणी मरत नाही.
म्हशी डोळे मिटून रवंथ करतात,
चिलटं दुसऱ्याच्या गोठ्यात जातात.
"तुझ्या धुरानं आजवर एक तरी मेला का बे?"
नाही मेला. आपण पलीकडं गेलो.
पण हे गुणांच्या पाटीवर येत नाही.

माझा खांदा,
हे सांगायचं नव्हतं, पण फेकायचा विषय निघालाच म्हणून,
मी भाला फेकायचो.
जिल्ह्याला पंचावन्न मीटर.
विभागाला, नांदेडच्या मैदानावर, तिसऱ्या फेकीला
खांद्यात काहीतरी ओल्या फांदीसारखं पिरगाळलं
आणि भाला माझ्याआधी खाली बसला.
आता चहाचा कपसुद्धा डाव्यानं.
इथं नुसतं बोट दाबून धरायचं,
सोडलं की वस्तू हवेत,
खांद्याला कुणी विचारत नाही.
तरी दर वेळी सोडताना
पाठीत उजवीकडं काहीतरी पळायला लागतं.

आज पैसे उरले नव्हते.
मागच्या फेरीत मुजीबला बंदूक घेऊन दिली,
धुराला पन्नास कमी पडायलेत.
यादीच्या तळाशी एकच परवडणारं:
फुटत नाही, जाळत नाही, झाकत नाही,
पडल्या जागी गोळीबाराचा नुसता आवाज काढतं.
कुणी घेत नाही ते.

नऊ सेकंद.
मला आत्या दिसली, टाकळीच्या रानात, माळ्यावर उभी,
ज्वारी हुरड्यात आलेली.
गोफण गरगर फिरवायची, पण तिच्यात दगड नसायचा.
शेवटाला नुसता झटका,
वाखाचं टोक फटकन वाजायचं, गोळी सुटल्यावाणी,
आणि भोरड्यांचा थवा अख्ख्या शेतासकट उठायचा.
मी म्हणायचो, दगड घाल की.
"कशाला? पाखरू मारायचं नसतंय बाबा,
उठवायचं असतंय."

घेतलं.

शीलरत्ननं वाकून पाहिलं.
"अरे, यानं खुळखुळा घेतला!"

फेकलं. खिडकीच्या चौकटीला आपटून
माझ्याच पायाशी परत आलं
आणि वाजत बसलं, टकटकटकटक,
एकट्याचं युद्ध.
समोरचे सगळे माझ्याकडंच आले, साहजिकच.
चार सेकंदांत मेलो.

मेल्यावर वरून दिसतं सगळं.
पलीकडच्या जिन्यावर कुणीच नव्हतं,
मुजीब त्यावरून चालत गेला, पळत नाही, चालत,
किराणा आणायला निघाल्यासारखा,
पिशवी तेवढी नव्हती.

फेरी गेलीच तरी. वेळ पुरला नाही.
खाली गिरणी थांबली, कुणाचा तरी डबा बदलला,
टेबल परत थरथरायला लागलं.
पंधरा सेकंद.
वैजनाथनं पडद्यावरची नजर न काढता
दोन बॉम्बांतला एक दुकानात परत ठेवला,
"ते काय असतंय रे तुझं," म्हणाला,
"कुठंय यादीत?"