गुडघ्याएवढ्या उंचीवर

शहापुरीतल्या दुकानातला पोरगा
खोक्यावरचा आकडा दाखवत होता : छत्तीस मेगापिक्सल.
मी विचारलं, उठतो किती वेळात?
म्हणाला, काय उठतो?
डोळा, म्हटलं. भेकर समोरून जायला दीड पाऊल लागतं.
डोळा उघडेपर्यंत ते गेलं, तर मेगापिक्सल काय
शेपटीला बांधायचेत?

मग त्यानं आतून दुसरा काढला, मळकट हिरवा,
पाव सेकंदात जागा होणारा.
पांढऱ्या झगझगाटाचा नको, लग्नातला असतो तसला;
एकदा डोळे दिपले की सांबर महिनाभर त्या वाटेला फिरकत नाही.
लाल ठिपका दिसतो तोही नको.
कुणालाच दिसत नाही असला उजेड दे.
आठ सेल, एक कार्ड, एक पट्टा. पावती वनखात्याच्या नावानं.
राधानगरीच्या एसटीत मांडीवर धरून आणला,
लेकराला टोचून आणावं तसा.

लावायचा कुठं, ते मुल्लाणी मॅडमच्या पुस्तिकेत होतं.
पुस्तिकेच्या आधी जनूतात्यानं शिकवलेलं.
तेव्हा कॅमेरा नव्हता, ठासणीची बंदूक होती :
पाण्यावर बसू नको, पाण्याच्या वाटेवर बस.
उगवतीकडं तोंड करू नको.
वारा पाठीवर असला तर सरळ घरी जा.
आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरनं बघ,
उभ्यानं बघणाऱ्याला नुसतं जंगल दिसतं.

बंदूक त्यानं ठाण्यात जमा केली, मी सातवीत असताना.
पावती अजून पत्र्याच्या ट्रंकेत, मोतीबिंदूच्या कागदांशेजारी.
आता काळा चष्मा आणि अंगणातलं बाजलं.
परसाकडं जातानाही भिंत चाचपतो.

सड्याखालच्या ऐनाला, उत्तरेकडं तोंड करून
पट्टा आवळला.
समोरचं गवत विळ्यानं साफ केलं,
नाहीतर वारा सुटला की गवताचेच फोटो निघतात.
मग हातापायांवर त्याच्यापुढनं रांगत गेलो,
दिवा लागतो का बघायला.
वरनं शेकरू खेकसलं माझ्यावर. बरोबरच होतं त्याचं.

बाराव्या दिवशी कार्ड काढलं.
पट्ट्याखाली दोन जळवा, भिंगावर ओल.
साडेतीनशे फोटोंतले दोनशे एकाच कारवीच्या पानाचे,
विळ्यातनं सुटलेल्या.
एक साळिंदर, पाठमोरं.
गव्याचं पोट, नुसतं पोट, चौकटभर.
पिसोरी, सशाएवढी, एक पाय उचलून थांबलेली.
सांबराची मादी, डोळ्यांच्या जागी दोन कंदील.
आणि तीन वाजून बारा मिनिटांनी
जनूतात्या.

चष्मा नाही, काठी नाही.
उकिडवा बसलेला, ऐनाच्या मुळाशी हात.
मोठं करून बघितलं : मीठ.
जाडं मीठ, फडक्यातनं सांडताना.
मिठाला सांबर येतं, हे त्यानंच सांगितलेलं,
आणि ते आल्यावर काय करायचं, तेही.
त्याच्या डोळ्यांत काहीच पेटलेलं नव्हतं.
जनावराच्या डोळ्यातनं उजेड माघारी फिरतो,
माणसाच्या आत गेला की गेला.
त्यावरनं काय ओळखायचं?

पुढच्या फोटोत मीठ आहे, तो नाही.
त्याच्या पुढच्यात मादी, जीभ बाहेर.
मग कारवीचं पान. पान. पान.

सोमवारी मॅडमना कार्ड द्यायचंय.
माणूस दिसला तर त्याची वही वेगळी असते.

तिन्हीसांजेला त्याच्या अंगणात गेलो.
"आलं का कोण तुझ्या डब्यात?"
साळिंदर आलतं, म्हटलं.
"आणि?"
आतनं काकू ओरडली, मीठ संपलंय परत,
उद्या गावात गेलास तर आण रं.
तो बाजल्यावर जरा सरकला, मला जागा केली.
बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,
"वर झालाय तुझा डबा.
चार बोटं खाली घे."