मदतीने येते

तक्त्यात तीन रकाने:
येते. येत नाही. मदतीने येते.
मोजता मोजता खिडकीतून शेळी डोकावली
तर खूण कुठे करायची, ते छापलेलं नाही.

समोर खुशाली. चार वर्षं आठ महिने.
बोरी नदीच्या पलीकडून येते,
पात्र कोरडं असलं की लवकर.
मी पेटीतले मणी ओळीत मांडते, सात.
आठवा जूनपासून सापडत नाही.
मोज बरं.

तिचं बोट एकेका मण्यावर टेकतं,
झोपलेल्याला हलवावं तसं.
एक, दोन, तीन, चार,
पाच, सहा, सात.
एकही सुटला नाही, एकालाही दोनदा हात नाही.
मग किती झाले?
ती माझ्याकडे बघते.
आणि परत पहिल्या मण्यावर बोट: एक…
किती झाले गं सगळे?
एक, दोन…

बेडसेबाई प्रशिक्षणात म्हणाल्या होत्या,
शेवटी म्हटलेला आकडा त्या शेवटच्या मण्याचा नसतो,
तो अख्ख्या ओळीचा असतो,
आणि हे पोराला सांगून कळत नाही.
तेव्हा मी वहीत नुसतं उतरवून घेतलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एक हिलाल होता.
सहा बोटं दाखवली, विचारलं किती,
म्हणाला, "पाचना पुढला."
मी लिहिलं, येत नाही.
अजून कधी कधी रात्री
ती ओळ खोडायला हात शिवशिवतो.

खुशालीपुढे मी "येत नाही" लिहिलं नाही.
"येते" लिहायची हिंमत झाली नाही.
मधल्या रकान्यात खूण केली,
दहा तारखेला तक्ता तालुक्याला गेला.

मग मणी पेटीत ठेवले आणि तिला वाट्यांचं काम दिलं.
या ओळीला पुरतील तेवढ्या आण.
पहिल्या दिवशी सात खेपा,
एकेक वाटी, छातीशी धरून.
खिचडी निवली. झिपरीबाई चुलीपाशी पुटपुटली,
मी तिला डोळ्यांनीच थांब म्हटलं.
दुसऱ्या दिवशी चळत आणली, दोन कमी पडल्या.
गौतमीने रिकाम्या जमिनीवर थाप मारली
आणि खुशाली पळत गेली.
पुढे आठवडाभर कधी जास्त, कधी कमी,
एकदा सगळ्याच पडल्या,
घरंगळत दारापर्यंत गेल्या,
त्या दिवशी कुणीच काही मोजलं नाही.

आज ती ओळीपाशी नुसती उभी राहिली.
ओठ हलले, आवाज नाही.
मग वळली, अख्खी खोली ओलांडून गेली,
हात रिकामे, तरी चाल अशी
की काठोकाठ भरलेला पेला नेते आहे
आणि वाटेत थेंब सांडायचा नाही.
झिपरीबाईपुढे थांबून म्हणाली,
"सात दे."

मी टाळ्या वाजवल्या नाहीत.
डाळीच्या डब्याचं झाकण उगाच उघडलं, लावलं.
तेवढ्यात दारात उशिरा आलेला दीपेश,
चपला हातात, गुडघ्यापर्यंत रेती.
खुशालीने त्याच्याकडे पाहिलं,
मागे न वळताच हात पुढे केला:
"आखो एक."

पुढचा तक्ता डिसेंबरात.
मी "येते"वर खूण करीन,
आणि तालुक्याला काय दिसणार?
एका रकान्यातून दुसऱ्यात गेलेली एक बारीक रेघ.
मदत कुणाची, हे विचारणारा रकाना असता तर
लिहिलं असतं: वाट्यांची. गौतमीच्या भुकेची.
थंड खिचडीची.