याके

खानापूरच्या बीआरसीत तीन दिवस प्रशिक्षण.
पंखा फिरत होता, वारा पुढच्या रांगेपुरता.
बैलहोंगलकडचे साधनव्यक्ती
फळ्यावर एकच शब्द लिहून थांबले: याके.
मग म्हणाले, उत्तर हेळबेडि.
मराठी शाळांतल्या आम्ही सहाजणी मागच्या बाकावर.
मी कुजबुजले, उत्तर सांगू नका म्हणे.
सुलभा गुंजीकर म्हणाली, मग पगार कशाचा घ्यायचा?

हसलो. मीही हसले.
पण जांबोटीच्या बसमध्ये तो शब्द
पिशवीतल्या बत्त्यासारखा गुडघ्याला लागत राहिला.
त्यांचा याके, आमचा का.
सख्खे नसतील,
पण एकाच परसात वाढल्यासारखे.

बावीस वर्षं मी सांगत आले:
मलप्रभा कणकुंबीला उगम पावते,
कूडलसंगमला कृष्णेला मिळते.
रिकाम्या जागा भरा. गुण एक.
बावीस इयत्तांच्या वह्यांतून ती
सारख्याच अक्षरात वाहिली,
एकदाही कुणाचे पाय भिजले नाहीत.

सोमवारी सांगितलं नाही.
नकाशा टांगला आणि खुर्चीत बसले,
हात मांडीवर.
असं बसायची सवय नव्हती,
हातांना खडू आठवत होता.

भरमू पाखरे,
हजेरीपुरतं तोंड उघडणारा,
उठला.
बाई, माझा मामा वाळपईला असतोय.
हितनं समुद्र जवळ हाय की.
मग ही नदी उलटी कशाला जातीय?

माझ्या जिभेवर 'जलविभाजक' आला.
गिळला.
गिळताना कळलं, मलाही तो शब्दच ठाऊक होता,
त्याच्या आत मी कधी गेले नव्हते.

उत्तर कुठं हाय बाई? मंजुळानं विचारलं,
आणि समीनानं बेळगावच्या बाजूला हात केला:
तिकडं.
वर्ग हसला. मी जरा जास्तच.

शाळेमागं जांभ्या दगडाचा उंचवटा आहे,
संडास बांधताना उरलेल्या मातीचा.
पोरं बिसीऊटाचे पेले घेऊन तिथं.
मी नको म्हणायच्या आत पाणी ओतलेलं.
अंगठाभर अलीकडं ओतलं, तर स्वयंपाकखोलीकडं,
अंगठाभर पलीकडं, तर रस्त्याकडं.
रस्त्याला कुणीतरी गोवा म्हणालं,
स्वयंपाकखोलीला कृष्णा.
वाद झाला, एकाचा शर्ट भिजला,
एकीनं माती उकरून डोंगरच बदलला.

भरमू उकिडवा बसून
बरोबर माथ्यावर एकेक थेंब सोडत होता.
मधल्या थेंबानं काय करायचं, बाई?

काय की, मी म्हणाले.

काय की.
ज्यासाठी किती तळहातांवर मी पट्टी मारली,
तोच शब्द,
वर्गासमोर, माझ्या तोंडून.
आभाळ कोसळलं नाही.
भरमूनं नुसतं वर पाहिलं
आणि थोडा सरकून मला जागा केली.

चौथीत असताना मीही विचारलं होतं:
रस्ता एक, मग मोटारीवरची अक्षरं
मध्येच का बदलतात, गुरुजी?
काकतकर गुरुजींनी दाराबाहेर उभं केलं.
घंटा झाली, सगळे घरी गेले, मीही गेले.
पण ती मुलगी, वाटतं,
अजून तिथंच होती, भिंतीला पाठ लावून.
आज तिच्या साडीचा काठ चिखलात आहे.

संध्याकाळी भरायचा तक्ता समोर.
कन्नडमधला रकाना विचारतो: आज काय शिकवलं?
'मलप्रभा' लिहिलं. खोडलं.
'पाणी' लिहिलं. तेही नको वाटलं.
फुशारकी नको, एकच दिवस झालाय;
उद्या गणित आहे, आणि पाढ्यांपुढं
मी अजून जुनीच बाई आहे.

बाहेर काशव्वा पेले मोजतेय, ओरडतेय:
बाई, दोन कमी हाईत!
मला माहीत आहे ते कुठं असतील.
सांगत नाही.