परतली

चार मिलिमीटर रुंद, कागदाइतकी जाड,
वरून तांब्याची झाक.
आत कुठेतरी मायक्रॉनभर काळा थर,
सगळी करामत त्याची.
तो भाजल्या मातीच्या जातीचा.
वाकायचं म्हटलं की त्याला मडकं आठवतं.

ब्रातिस्लाव्हात जानेवारी.
डॅन्यूबवरचं धुकं ट्रामच्या घंटा गिळतं,
आणि तळघरात वेंदेलीन हृश्का
पट्टी जबड्यांत धरून स्क्रू आवळतो,
झबल्याची गाठ बांधावी तितक्या बेताने.
मग द्रव नायट्रोजन ओततो.
उकळी फुटते, थंडीची उकळी.
ती निवळेपर्यंत कुणी बोलत नाही.

एकशे बारा अँपिअर, विनातक्रार.
आता ताण. शेकडा पाव.
एकशे नऊ.
सोडला, की पुन्हा एकशे बारा.
वेंदेलीन वहीत लिहितो: परतली.

तिमेआ नवी आहे, मोजे दोन-दोन घालून येते.
म्हणते, चांगली आहे हो ही, इथेच थांबू.

तुटेपर्यंत ताणू नये
हे शहाणपण वर, रस्त्यावर ठीक.
खाली आम्हाला पगार मिळतो तो
तुटेपर्यंत ताणण्याचाच.
हद्द अलीकडून दिसत नाही.

शेकडा अर्धा. एकशे दोन.
सोडला: एकशे अकरा.
तो पेन उचलतो, ठेवतो,
मग लिहितो: परतली,
आणि पुढे एक बारीक प्रश्नचिन्ह.

अर्ध्याच्या थोडं पुढे
आवाज होत नाही. कुणी दचकत नाही.
फक्त आकडा खाली बसतो,
म्हातारं माणूस बाकावर बसावं तसा.
एकसष्ट.
ताण काढला. वाट पाहिली.
सत्तर.
आणखी वाट पाहिली.
सत्तरच.

बाहेर काढली, हिमाची लव वितळू दिली,
तर तांबं पहिल्यासारखंच लखलखीत.
तिमेआ बोट फिरवते. सरळ, गुळगुळीत.
"कुठे तुटली?"

वेंदेलीन उजवा खांदा चोळतो,
दोन हिवाळे झाले, तो हात कानाच्या वर जात नाही.
"तांब्याला विचारू नकोस," म्हणतो,
"त्याला खरंच माहीत नसतं."

कुठल्याशा चुंबकाची गुंडाळी
उद्या या आकड्याच्या अलीकडे थांबेल.
त्याने वहीत आकडा लिहिला.
शब्द लिहिला नाही.
पट्टी पानात खूण म्हणून ठेवली,
सकाळी कुठून सुरू करायचं ते सापडावं म्हणून,
आणि डबा उघडून
अर्धं सफरचंद तिमेआला दिलं.