खांदा साडेतेरा

मल्हारगंजातलं दुकान खैरुन आपा मोकळं करतेय.
मशीन गेलं, उभा आरसा गेला,
उरल्यात मापांच्या वह्या,
रोकडवहीसारख्या लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या.
"अपने-अपने पन्ने ले जाओ," म्हणाली,
"रद्दीवाला तो किलो से तौलेगा."

जिन्यावर बसून मी स्वतःला शोधू लागले.

एका पानावर मी 'कुंदा, धारपुरे मास्टर की'.
छाती तीस, कंबर चोवीस,
बाहीचा आकडा खोडून मोठा केलेला,
कारण वडील दारात उभे होते.

पुढच्या वहीत कुंदा सापडतच नाही.
तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव घेऊन
मी तिथे मृणालिनी झालेय;
आपानं लिहिलंय 'मुरलानी'.
सासूबाईंनी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.
कितीतरी वर्षं मी मुरलानीच्या मापाचं घातलं.

मग छत्तीस. हुक पुढून, आत दीड इंच माया,
कडेला टीप: 'बच्चा दूध पीता है'.
मग नुसतंच 'बिजली दफ्तरवाली' –
तेव्हा मी खिडकीशी बसून
लोकांच्या बिलांतले चुकलेले आकडे सुधारायचे.

आणि एका पानावर
छातीच्या रकान्यात दोन आकडे.
डावीचा वेगळा, उजवीचा वेगळा.
त्या दिवशी आपानं पडदा ओढला, पोरीला चहाला पिटाळलं,
आणि शाईचं पेन ठेवून पेन्सिल घेतली.
"बदल भी सकता है," म्हणाली.
बदलणार नव्हतं. दोघींनाही माहीत होतं.
पुढे वर्षभर मी भांग न बघताच पाडला.

पानं पायऱ्यांवर मांडली.
या सगळ्या बायका एका खोलीत बसवल्या
तर हळदीकुंकवापुरतीही ओळख दाखवणार नाहीत.

तेवढ्यात दिसलं. खांदा: साडेतेरा.
खालच्या पायरीवर साडेतेरा. त्याच्या खाली साडेतेरा.
पेन्सिलीच्या पानावरसुद्धा.
मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.
एक तरी जागा होती म्हणायची
जिथे कुणी काही वाढवलं नाही, कापलं नाही.
एकसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं
तेवढी धावत मी वर गेले.

आपानं चष्मा कपाळावर चढवला.
"कंधा? अरे, वो तो मैं
पिछले पन्ने से उतार लेती थी."

टेप तिच्या गळ्यात होतीच.
सवयीनं मी पाठ केली.
तिची बोटं थंड, मानेपासून सरकत गेली.
"सवा तेरा," म्हणाली. मग पुन्हा लावून, "नहीं. तेरा."
लिहायला समोर वही नव्हती.

"मग इतकी वर्षं बसत कसे होते?" मी मराठीतच विचारलं.
"बैठते कहाँ थे," आपा टेप गुंडाळत म्हणाली,
"पहन के तू ही तन जाती थी."

खालून रद्दीवाल्याची हाक आली.
जिन्यात वारा शिरला होता, पानं हलायला लागली होती.
मी आधी मुरलानीला उचललं.