चारशे वार

नाव कुत्र्याचं, जात खारीची.
बिळाच्या काठावर दोन पायांवर उभं राहून
पोटावर हात बांधून
प्रेअरी डॉग आमच्या कुरणाकडं असं बघतं
जणू खरेदीखत त्याच्या आजोबांच्या नावावर आहे.

मी ट्वायला हॉफस्टॅड. दक्षिण डकोटा, पश्चिमेचा उजाड कोपरा,
बत्तीसशे एकर, एकशे नऊ गायी.
आर्डेल गेल्यापासून उन्हाळ्यात नेमबाज घेते.
दिवसाचे दोनशे डॉलर,
त्यात दुपारचं जेवण, आणि वाऱ्याचा अंदाज माझा.

गवतात खारीचा वाटा केवढा?
काउंटीचा माणूस म्हणतो, अडीचशे मिळून एका गायीचं खातात.
त्यानं सगळ्या कशा मोजल्या ते मी विचारलं नाही.
मागच्या वर्षी मी विकतचा चारा आणला, मॉन्टानाहून, दोन ट्रक.
एवढा हिशेब मला पुरतो.

या आठवड्यात ओहायोहून मर्ल क्विगली आलेत,
निवृत्त दंतवैद्य.
सकाळी कॉफी ओतताना हात इतका थरथरतो
की पहिला घोट बशीच घेते.
पण रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून
दस्त्याला गाल लावला की हाताचा दगड होतो.
"एवढ्यासाठीच येतो," मंगळवारी म्हणाले.
मी काही विचारलं नव्हतं.

चारशे वार. वारा डावीकडून.
दुर्बिणीत मी प्राणी बघत नाही, मृगजळ बघते,
ते उभं उकळतंय का आडवं पळतंय.
"दोन बोटं डावीकडं धरा."
धडाका माझ्या कानात झालेला असतो
आणि गोळी अजून वाटेत.

अर्धा सेकंद.

तेवढ्यात ते काडी हातात फिरवून घेतं.
तेवढ्यात शेजारीण येते,
दाताला दात लावून ओळख पटवते.
तेवढ्यात मला "थांबा" म्हणता येईल,
आणि त्याचा काही उपयोग नसेल.
आवाज पोचतो तेव्हा
काठावर फक्त शेजारीण असते.

डॉक्टरांना मी सांगितलं, एकमेकांना दातांनी ओळखतात ही.
ते हसले नाहीत.
"मीसुद्धा," म्हणाले, "चाळीस वर्षं. चेहरे लक्षात राहायचे नाहीत."
मग नळी निवेपर्यंत गप्प बसले,
मग पुढची गोळी भरली.

कड्यावर दोन बाज येऊन बसतात.
बंदूक म्हणजे त्यांना जेवणाची घंटा.
पूर्वेच्या सात बिळांवर मी नारिंगी फिती बांधल्यात,
तिथं घुबडं राहतात, मुठीएवढी, भर दिवसा जागी.
त्या बाजूला नळी वळवायची नाही.
हा नियम आर्डेलचा. कारण त्यानं कधी सांगितलं नाही,
मी मोडला नाही.

संध्याकाळी कॉफीच्या डब्यात पितळी पुंगळ्या वेचते.
शेवटची हाताला अजून कोमट लागते,
का उन्हानं, कोण जाणे.
दूरच्या टोकाला एक उठतं,
अंग मागं फेकून, हात आभाळात,
एकच चिरकी हाक.
मग दुसरं. मग पलीकडचं.
हाक वस्तीभर फिरते आणि मधे मधे अडखळते.
कोणी म्हणतं, याचा अर्थ संकट टळलं.
कोणी म्हणतं, नाही, ती शेजाऱ्यांना विचारतात,
जागे आहात ना?
मला ती शाळेतली हजेरी वाटते.
ज्यांचं उत्तर आलं नाही
ती बिळं मला इथूनही ठाऊक आहेत.

उद्या वारा पडेल, रेडिओ म्हणाला.
डॉक्टर व्हरांड्यात बसलेत, हात मांड्यांखाली दाबून.
कपबशी काढलीच नाही मी.
मोठा मग दिला,
अर्धाच भरून.